12 हजार वस्तीचं गाव युरोपात कसं पोहोचलं? टीएससी बाच्का तोपोलाची गोष्ट

युरोपा लीग ही युरोपातल्या फुटबॉल क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा. तिच्या 2023-24 हंगामातला 'अ' गट काढून बघा. लंडनचा वेस्ट हॅम, जर्मनीचा फ्रायबुर्ग, ग्रीसचा ऑलिम्पियाकोस आणि चौथा टीएससी. पहिले तिघे फुटबॉल पाहणाऱ्या कुणालाही माहीत असतात. चौथ्या नावाशी मात्र बोट अडखळतं. हा क्लब सर्बियातल्या बाच्का तोपोला या गावाचा आहे. 2022 च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या 12 हजारांच्याही आत भरली. वेस्ट हॅमच्या लंडन स्टेडियममध्ये 62,500 माणसं बसतात. म्हणजे हे गाव त्यात पाच वेळा मावेल.

असा क्लब दिसला की 'परीकथा' हा शब्द हमखास वापरला जातो. मला तो अपुरा वाटतो. बाच्का तोपोलाची वाटचाल खरोखर विलक्षण आहे, पण ती कळायला फुटबॉलच्या आधी थोडा भूगोल, थोडा इतिहास आणि बराचसा पैशाचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

गाव कुठलं, आणि टीएससी म्हणजे काय?

सर्बियाच्या उत्तरेला वोयवोदिना नावाचा स्वायत्त प्रांत आहे. नोवी साद ही त्याची राजधानी. जमीन सपाट आणि काळी, नजर पोहोचेल तिथवर गहू, मका आणि सूर्यफूल. या प्रांतात सहा भाषांना अधिकृत दर्जा आहे: सर्बियन, हंगेरियन, स्लोव्हाक, रुमानियन, रुसिन आणि क्रोएशियन. हंगेरीची सीमा जशी जवळ येते तशा दुकानांवरच्या पाट्या दोन भाषांत दिसू लागतात. बाच्का तोपोला याच पट्ट्यात आहे, सुबोतित्सा शहराच्या थोडं दक्षिणेला. सर्बियन लोक त्याला बाच्का तोपोला म्हणतात, हंगेरियन लोक तोपोया.

टीएससी हे 'तोपोयाई स्पोर्ट क्लुब' या हंगेरियन नावाचं लघुरूप. शेवटचा 'ई' आपल्या ओळखीचा आहे. कोल्हापूरचं ते जसं कोल्हापुरी, तसं तोपोयाचं ते तोपोयाई. गावातले हंगेरियन ही अक्षरं 'ते-एश-त्से' अशी उच्चारतात. सर्बियाच्या अव्वल लीगपर्यंत पोहोचलेल्या क्लबच्या नावातच हंगेरियन भाषा आहे, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळही तिथेच आहे.

सीमा सरकली, क्लब जागेवरच राहिला

क्लबची स्थापना 1913 ची. तेव्हा हे गाव सर्बियात नव्हतं. ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या हंगेरियन भागात होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, चार वर्षांनी साम्राज्य कोसळलं आणि 4 जून 1920 रोजी त्रियानोंच्या तहावर सह्या झाल्या. त्या तहाने हंगेरीच्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग शेजारच्या देशांकडे गेला. जमिनीबरोबर माणसंही गेली. लाखो हंगेरियन भाषक घर न सोडता दुसऱ्या देशाचे रहिवासी झाले. तोपोयाचे लोक सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या नव्या राज्यात आले. हेच राज्य पुढे युगोस्लाव्हिया म्हणून ओळखलं गेलं.

बेळगाव-कारवारचा सीमाभाग ज्यांना माहीत आहे, त्यांना ही भावना फार समजावून सांगावी लागणार नाही. माणूस आपल्याच अंगणात उभा असतो आणि त्याच्या सरकारची भाषा बदलते. फरक मात्र मोठा आहे. तोपोयात प्रश्न दोन राज्यांचा नव्हता, दोन देशांचा होता आणि त्यात बंदुका होत्या.

1941 मध्ये हंगेरीने तोपोया ज्यात येतं तो बाच्का प्रदेश पुन्हा ताब्यात घेतला. 1942 च्या जानेवारीत हंगेरियन फौजांनी नोवी साद आणि आसपासच्या गावांत सर्ब आणि ज्यू नागरिकांच्या कत्तली केल्या. बाच्का तोपोलात ज्यूंसाठी छावणी होती, आणि 1944 मध्ये तिथूनही लोकांना ऑशविट्झला पाठवलं गेलं. युद्धाचं पारडं फिरल्यावर 1944-45 च्या हिवाळ्यात युगोस्लाव्ह फौजांनी हंगेरियनांवर सूड उगवला, आणि त्यात निरपराध माणसंही मारली गेली. दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी चुरूग या गावात एकत्र येऊन एकमेकांची माफी मागायला 2013 साल उजाडावं लागलं. या भागात पुढे हंगेरीहून जो पैसा आला, त्याबद्दल बोलताना माणसं जपून का बोलतात, ते या दोन-तीन वर्षांच्या आठवणींतून कळतं.

कॉम्बिनातचा क्लब

समाजवादी युगोस्लाव्हियात क्लबचं नाव बदललं. नव्वदच्या दशकात तो 'एआयके बाच्का तोपोला' म्हणून खेळत होता. एआयके म्हणजे कृषी-औद्योगिक कॉम्बिनात. कॉम्बिनात ही संस्था आपल्याला परकी वाटायला नको. सहकारी साखर कारखाना डोळ्यांपुढे आणा. ऊस गाळणं हे त्याचं काम, पण त्याच्याच आधाराने शाळा निघते, दवाखाना चालतो, गणपतीची वर्गणी जमते आणि कुस्तीचं मैदान भरतं. कॉम्बिनात साधारण तसाच. शेती, पशुपालन आणि त्यावरचे प्रक्रिया उद्योग एका छत्राखाली, आणि गावच्या खेळाला आधारही त्याचाच.

मालकीची कल्पना मात्र वेगळी होती. युगोस्लाव्हियातले उद्योग ना सरकारचे होते, ना सभासदांचे. कायद्याच्या भाषेत ते 'समाजाच्या मालकीचे' होते आणि कामगारांच्या समित्या ते चालवत. फुटबॉल क्लबही कंपन्या नव्हत्या. ते नागरिकांच्या संघटना म्हणून नोंदलेले असत. कुणी मालक नाही, भागधारक नाहीत, आणि क्लब विकायचा म्हटला तर विकणारा कोण, याचं उत्तर नाही. सर्बियातले बहुतेक क्लब पुढेही याच रूपात राहिले. लहान गावातला क्लब त्यामुळे आपल्या आश्रयदात्याच्या तब्येतीवर जगतो. कारखाना धडधाकट असेल तर संघ खेळतो, कारखाना खोकायला लागला की संघाच्या छातीत दुखतं.

नव्वदच्या दशकात सगळेच खोकत होते. युगोस्लाव्हिया फुटला, युद्धं झाली, 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले, आणि 1993 मध्ये दिनारची किंमत इतकी घसरली की सकाळच्या पगारात संध्याकाळी भाजी येईना.

तरीही याच पडत्या काळात या छोट्या क्लबने दोन मोठे खेळाडू घडवले. पहिला निकोला झिगिच. 1980 चा जन्म, याच गावचा, उंची 2.02 मीटर. एआयकेकडून खेळून तो पुढे बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबला, मग स्पेन आणि मग इंग्लंडला गेला. 2011 च्या इंग्लिश लीग चषकाच्या अंतिम सामन्यात आर्सेनलविरुद्ध बर्मिंगहॅमचा पहिला गोल त्याचा होता. दुसरा दुशान तादिच, जन्म 1988, तोही याच गावचा. नोवी सादच्या वोयवोदिना क्लबमार्गे तो हॉलंडला गेला, नंतर इंग्लंडचा साउदॅम्प्टन, आणि मग अॅमस्टरडॅमचा आयएक्स क्लब. 2019 च्या मार्चमध्ये आयएक्सने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर 4-1 हरवलं, तेव्हा तादिचने केलेला गोल ज्यांनी पाहिला ते तो विसरलेले नाहीत.

दोघेही गाव सोडून गेले. इथे राहून मोठं होण्याची सोय नव्हती.

हंगेरीचं सरकार सर्बियातल्या क्लबला पैसे का देऊ लागलं?

इथे बहुतेक वाचक गोंधळतात, आणि ते स्वाभाविक आहे.

2010 मध्ये व्हिक्टर ओर्बान हंगेरीत पुन्हा सत्तेवर आले. त्याच वर्षी नागरिकत्वाचा नवा कायदा झाला आणि 1 जानेवारी 2011 पासून शेजारच्या देशांतल्या हंगेरियनांना हंगेरीत न राहताही नागरिकत्व घेता येऊ लागलं. नागरिकत्वाबरोबर मतदानाचा हक्कही आला. सीमेपलीकडच्या हंगेरियन शाळा, चर्च, वृत्तपत्रं आणि छोटे उद्योग यांना अनुदान मिळू लागलं. ओर्बान स्वतः फुटबॉलवेडे. त्यांचं बालपण गेलं त्या फेल्चुत या जेमतेम दीड-दोन हजार वस्तीच्या गावात 2014 मध्ये लाकडी कमानींचं देखणं स्टेडियम उभं राहिलं. मग अनुदानाच्या यादीत फुटबॉलही येणं ओघानेच झालं.

तोपोला त्या यादीत एकटा नाही. स्लोव्हाकियातला दुनाइस्का स्त्रेदाचा क्लब, रुमानियातला सेप्सी, स्लोव्हेनियातला लेंदावाचा नाफ्ता, क्रोएशियातला ओसियेक असे क्लब नकाशावर टिंबांनी दाखवले तर त्रियानोंच्या आधीच्या हंगेरीच्या कडा जवळपास आखल्या जातात. कुठे सरकारी अनुदान आहे, कुठे सरकारच्या जवळच्या उद्योगांची गुंतवणूक.

युक्तिवाद असा: भाषा फक्त वर्गात जगत नाही. मुलगा ज्या भाषेत मैदानावर हाक मारतो, ज्या भाषेत प्रशिक्षकाचा ओरडा खातो, ती भाषा त्याच्याजवळ राहते. गावात चांगली फुटबॉल अकादमी असेल तर आईवडील बुडापेस्ट किंवा व्हिएन्नाची वाट धरण्याआधी दोनदा विचार करतील. हा विचार मला पोकळ वाटत नाही. वोयवोदिनात 2011 च्या जनगणनेत सुमारे 2 लाख 51 हजार हंगेरियन होते. 2022 मध्ये ते 1 लाख 82 हजारांवर आले. अकरा वर्षांत चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसं कमी झाली, काही मरण पावली, बरीच देशाबाहेर गेली. समाज असा विरघळत असताना कुणी हातपाय मारले तर ते समजण्यासारखं आहे. पण त्याच वेळी तेच नागरिकत्व, तोच पासपोर्ट युरोपीय संघात नोकरी शोधायला सर्वात सोपी वाटही देतो. एक हात धरून ठेवतो आणि दुसरा दार उघडतो. हा पेच कुठल्याही स्टेडियमने सुटलेला नाही.

हंगेरी सरकारच्या मदतीने गावात अकादमी आणि 4,500 आसनांची टीएससी अरेना उभी राहिली. अरेना 2021 मध्ये खुली झाली. क्लबचं अध्यक्षपद गावातल्याच केबल आणि इंटरनेट व्यवसायातल्या यानोश झेंबेरी यांच्याकडे होतं.

पैसा आला की विजय येतोच का?

येत नाही, आणि तोपोलाच्या लोकांचं खरं श्रेय इथे आहे.

सर्बियन फुटबॉल म्हणजे बेलग्रेडचे दोन क्लब, रेड स्टार आणि पार्टिझान. रेड स्टार 1991 च्या युरोपियन चषकाचा, म्हणजे युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेचा विजेता. युगोस्लाव्हियाच्या साऱ्या काळात बेलग्रेडबाहेरच्या एकाच सर्बियन क्लबने विजेतेपद मिळवलं, तो नोवी सादचा वोयवोदिना, 1966 आणि 1989 मध्ये. देश फुटल्यानंतर या दोघांखेरीज फक्त ओबिलिच 1998 मध्ये जिंकला, आणि तोही बेलग्रेडचाच. अशा लीगमध्ये गावच्या संघाने दहावं-अकरावं स्थान राखलं तरी पुष्कळ मानतात.

टीएससी 2019 मध्ये दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून इतिहासात पहिल्यांदा सर्बियाच्या सुपरलीगमध्ये आला. पहिल्याच हंगामात चौथा आला आणि युरोपा लीगच्या पात्रता फेरीत पोहोचला. पात्रता फेरी म्हणजे मुख्य स्पर्धेआधीची चाळणी. 27 ऑगस्ट 2020, करोनाचा काळ, समोर रुमानियाचा एफसीएसबी. टीएससीची ही पहिलीच युरोपीय लढत, आणि ती 6-6 अशी संपली. होय, सहा-सहा. जादा वेळ धरून बारा गोल, मग पेनल्टीवर 5-4 ने पराभव. पदार्पणाचा असा सामना मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढे झार्को लाझेतिच प्रशिक्षक असताना 2022-23 मध्ये टीएससी रेड स्टारच्या मागे दुसरा आला. पार्टिझान चौथ्या स्थानावर घसरला. पैशाने मैदान बांधता येतं. पण हंगामभर चिवटपणे गुण गोळा करायला खेळाडूंची निवड, प्रशिक्षकावरचा विश्वास आणि ड्रेसिंग रूममधली शांतता लागते. हंगेरीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या क्लबांपैकी सगळ्यांना हे साधलेलं नाही.

सात गोल खाऊनही युरोपात प्रवेश?

दुसऱ्या क्रमांकामुळे टीएससी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपा लीगच्याही वरच्या स्पर्धेच्या तिसऱ्या पात्रता फेरीत गेला. तिथे पोर्तुगालच्या ब्रागाने त्यांना दोन सामन्यांत मिळून 7-1 असं धुतलं. तरीही काही आठवड्यांनी हा संघ युरोपा लीगच्या गटात खेळत होता. 'हरलेल्याला बक्षीस कसलं?' असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला.

रेल्वेचं आरएसी तिकीट आठवा. बर्थ मिळेलच असं नाही, पण गाडीत बसायला जागा नक्की. युरोपीय फुटबॉलची संघटना युएफा प्रत्येक देशाला त्याच्या क्लबांच्या आधीच्या पाच वर्षांच्या कामगिरीवर गुण देते आणि त्यावरून कुठल्या देशाचे किती संघ कुठल्या पायरीवरून आत येणार ते ठरतं. रेड स्टारने मागच्या काही हंगामांत युरोपात चांगली कमाई केल्यामुळे सर्बियाचा क्रमांक वर गेला होता. म्हणून विजेत्या रेड स्टारला थेट चॅम्पियन्स लीगचा गट मिळाला आणि उपविजेत्याच्या हाती हे आरएसी तिकीट आलं. ब्रागाला हरवलं असतं तर वरच्या डब्याची आशा राहिली असती. हरल्यावर युरोपा लीगची जागा पक्की होती.

नियमाने मिळालेली जागा ही फुकटची नसते. त्यासाठी आधी पार्टिझानला मागे टाकावं लागलं होतं. आणि त्या जागेची किंमतही मोठी होती. गटात नुसतं उतरण्याचे प्रत्येक क्लबला 36 लाख 30 हजार युरो मिळत, तेव्हाच्या दराने सुमारे 32 कोटी रुपये.

सहा सामने, एक गुण

21 सप्टेंबर 2023 च्या रात्री लंडनमध्ये उत्तरार्ध सुरू होताच पेतार स्तानिचने गोल केला आणि टीएससी आघाडीवर गेला. साधारण वीस मिनिटं 12 हजार वस्तीचं गाव वेस्ट हॅमच्या पुढे होतं. मग तीन गोल झाले आणि सामना 3-1 ने गेला.

5 ऑक्टोबरला आपल्या मैदानावर त्यांनी ऑलिम्पियाकोसला 2-2 असं रोखलं. फ्रायबुर्गने मात्र घरी 3-1 आणि जर्मनीत 5-0 अशी दाणादाण उडवली. 30 नोव्हेंबरला वेस्ट हॅम बाच्का तोपोलात आला. टीएससीने 88 मिनिटं गोल होऊ दिला नाही. 89 व्या मिनिटाला तोमाश सौचेकने तो केला. शेवटचा सामना ग्रीसमध्ये, 5-2 ने पराभव. सहा सामने, एक गुण, गटात तळाला.

आकडे असे वाचले की फार काही हाती लागलं नाही असं वाटतं. पण गट कसा होता तेही पाहा. वेस्ट हॅम त्याच वर्षी जूनमध्ये कॉन्फरन्स लीग ही युरोपातली तिसऱ्या पायरीची स्पर्धा जिंकून आला होता. गटात तिसरा आलेला ऑलिम्पियाकोस पुढच्या मे महिन्यात तीच स्पर्धा जिंकला. म्हणजे आदल्या आणि पुढच्या अशा दोन युरोपीय विजेत्यांमध्ये हा संघ सापडला होता, आणि त्याचा एकुलता एक गुण भावी विजेत्याकडून आलेला होता.

'हा तर राजकारण्यांचा क्लब!'

हा आक्षेप सर्बियातही आहे आणि हंगेरीतही. हंगेरीतला करदाता विचारतो, आमच्या दवाखान्यांची ही अवस्था असताना परदेशात स्टेडियम कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेचं उत्तर देऊन चालणार नाही. सर्बियातल्या इतर प्रांतीय क्लबांचा सवाल वेगळा. आमच्या पाठीशी दुसऱ्या देशाचं सरकार नाही, मग ही बरोबरीची शर्यत कशी? तेही खरं आहे. पण बेलग्रेडच्या दोन बड्या क्लबांच्या पाठीशी वर्षानुवर्षं कोण उभं राहिलं, हेही याच दमात विचारायला हवं. रेड स्टार आणि पार्टिझान दोन्ही 1945 मध्ये नव्या सत्तेच्या छायेत जन्मले. पार्टिझान तर सैन्याचाच क्लब होता.

दुसरा आक्षेप असा की हा संघ मुळात सर्बियन नाहीच. ही मात्र ऐकीव गोष्ट आहे. युरोपात खेळलेल्या संघात बहुसंख्य खेळाडू सर्बियन, प्रशिक्षक सर्बियन, लंडनमधला गोलही सर्बियन पायाचा. आणि क्लबच्या नावातली भाषा गावाची आहे, कुणी बाहेरून आणलेली नाही. 1913 मध्ये जे नाव ठेवलं, तेच नाव क्लबने पुन्हा घेतलं.

तिसरी शंका मला सर्वात गंभीर वाटते: अकादमी हंगेरियन मुलांसाठी काढली, पण अव्वल संघात ती मुलं किती दिसतात? फार थोडी. युरोपात टिकायचं तर तयार खेळाडू विकत घ्यावे लागतात, आणि गावच्या मुलाला वाढू द्यायचं तर पराभव सोसावे लागतात. दोन्ही एकाच वेळी जमवणं मोठमोठ्या क्लबांनाही अवघड जातं.

पैसा आटला तर?

2024-25 मध्ये टीएससी पुन्हा युरोपात होता, या वेळी कॉन्फरन्स लीगमध्ये. आर्मेनियाच्या नोआला आणि स्वित्झर्लंडच्या लुगानोला हरवून त्यांनी बाद फेरीच्या प्लेऑफपर्यंत मजल मारली. पोलंडच्या यागिएलोनियाने त्यांना तिथे थांबवलं. म्हणजे 2023 ची धाव एका हंगामाचा योगायोग नव्हती.

पण क्लबच्या शंभरेक वर्षांकडे पाहिलं की काळजी वाटते. साम्राज्य गेलं, कॉम्बिनात गेलं, आणि दर वेळी क्लबला नवा पोशिंदा शोधावा लागला. सरकारं निवडणुकीत बदलतात. दुसऱ्या देशाच्या अंदाजपत्रकातली रक्कम तोपोलाच्या मतदाराच्या हातात नसते. तिकीटविक्रीवर हा क्लब जगू शकत नाही, कारण 4,500 खुर्च्या भरायला गावातल्या दर तीन माणसांतलं एक माणूस मैदानात यावं लागतं. खेळाडू घडवून विकणं हाच लहान क्लबांचा खरा धंदा असतो. त्यासाठी अकादमीतून दर काही वर्षांनी एखादा तादिच निघायला हवा, आणि तो विकला जाताना त्याचे पैसे क्लबलाच मिळायला हवेत.

झिगिच आणि तादिच गेले तेव्हा गावाजवळ ना असं मैदान होतं, ना अशी अकादमी. आज दहा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर ज्या गवतावर सराव करतो, तिथून थोड्याच अंतरावर वेस्ट हॅम खेळून गेला आहे. तो मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर कुठल्या देशात असेल, ते तोपोलातलं कुठलंही घर आज छातीठोकपणे सांगणार नाही.